वार आठवतो, साल नाही

“शेजारी कोण कोण होते?” असं विचारलं की मुलाखतीची पहिली दहा मिनिटं पाण्यात जातात. समोरची व्यक्ती पंचाहत्तरीच्या पुढची, दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बांधून भाड्याने दिलेल्या घरात वाढलेली. उत्तर ठरलेलं असतं: सगळे फार चांगले होते, कुणी दाराला कुलूप लावत नसे, अडीअडचणीला धावून यायचे. यातलं काही खोटं नसतं, पण नोंदवहीत लिहिण्याजोगंही काही नसतं.

त्याऐवजी आम्ही म्हणतो, “तुमच्या मागच्या दारात उभे राहा. डावीकडे बघा. काय दिसतं?” मग बोलण्याचा वेगच बदलतो. तारेचं कुंपण दिसतं, तारेवरून साखरेचा कप पलीकडे देणारा हात दिसतो, शेजारच्या काकूंचा फुलाफुलांचा एप्रन दिसतो, कोळशाच्या कोठीवर बसलेलं मांजर दिसतं.

अशा वसाहतींत, मुख्यतः मिडलंड्समध्ये म्हणजे मध्य इंग्लंडात, बालपण गेलेल्या लोकांच्या आठवणी आम्ही काही हौशी मंडळी नोंदवतो. त्यात दोन-तीन मराठी माणसं कशी शिरली, ती गोष्ट इथे नको. या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा कळली. लहान मुलाच्या आठवणीत जागा पक्की असते, वारही पक्का असतो, साल मात्र बहुतेक वेळा चुकलेलं असतं. म्हणून आधी जागा कागदावर आणायची, मग आठवडा, मग रेकॉर्डर सुरू करायचा, आणि साल सगळ्यात शेवटी, बाहेरच्या पुराव्यावरून लावायचं. हा क्रम उलटला की सगळी मुलाखत “त्या काळी” या दोन शब्दांत अडकून पडते.

जागेसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:१२५० मापाचा जुना नकाशा लागतो. युद्धानंतर शहरी भागांसाठी निघालेल्या या नकाशांवर घरांचे नंबर छापलेले असतात. एका पानावर ५०० मीटर बाय ५०० मीटरचा तुकडा येतो. नकाशा ५० वर्षांपेक्षा जुना असेल तर त्यावर सरकारचा स्वामित्वहक्क उरत नाही, त्यामुळे प्रत काढायला अडचण नसते. पण मूळ मापात सहा मीटर रुंदीचं घर जेमतेम पाच मिलिमीटरचं दिसतं. म्हाताऱ्या डोळ्यांना ते दिसत नाही आणि त्यात काही लिहिताही येत नाही. चौपट मोठी प्रत काढली की घर दोन सेंटिमीटरचं होतं, आणि ए-३ कागदावर एका बाजूची वीसेक घरं मावतात. चाळीस घरांची गल्ली असेल तर दोन्ही बाजू एकाच कागदावर समोरासमोर बसतात. बोलणाऱ्याला पेन्सिल द्यायची, खोडरबर द्यायचा नाही. नाव चुकलं तर त्यावर रेघ मारून शेजारी दुसरं लिहायचं. पहिलं चुकलेलं नावही बऱ्याचदा खरं निघतं, फक्त आधीच्या किंवा नंतरच्या भाडेकरूचं.

नंबरांत नवखा माणूस हमखास फसतो. रस्त्याच्या एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम. १७ नंबरचे शेजारी १५ आणि १९. १८ समोर कुठेतरी. काही कौन्सिलांनी १३ नंबर दिलाच नाही. कोपऱ्यावरच्या घराचं दार दुसऱ्या रस्त्यावर उघडतं, म्हणून कागदोपत्री ते त्या रस्त्याचं, पण त्याची बाग आपल्या गल्लीत. मुलाला रस्त्याच्या नावाशी देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी पाठीला पाठ लावून असलेल्या बागेतलं घर समोरच्या घरापेक्षा जवळचं. म्हणून नकाशा कापताना मागच्या रांगेचा अर्धा भाग तरी ठेवायचा. तो कापला की “जिच्या बागेतली सफरचंदं चोरायचो ती बाई” कुठल्याच घरात बसत नाही.

दोन घरांमधल्या बोळाला काय म्हणायचे, हेही सुरुवातीलाच विचारून घ्यावं. लेस्टरकडे जिटी, नॉटिंगहॅमला ट्विचेल, लँकेशर-यॉर्कशरमध्ये जिनेल, हलमध्ये घरांमागच्या रुंद बोळाला टेनफूट, बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीकडे नुसतं एंट्री. आपण त्यांचा शब्द वापरला की माणूस मोकळा होतो. आपण “पॅसेज” म्हणालो तर तोही सभ्य, शाळेतलं इंग्रजी बोलू लागतो आणि निम्मी गल्ली तिथेच हरवते.

शेजारी कुठे भेटायचे हे घराच्या आराखड्यावर ठरायचं, त्यामुळे घर कुठल्या वर्षीचं, कुठल्या जातीचं हे आधी पाहून जावं लागतं. १९४४ च्या डडली या सरकारी समितीने तीन झोपण्याच्या खोल्यांच्या घराला ९०० चौरस फूट सुचवले. १९४५ ते १९५१ या काळात आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्याकडे घरबांधणी होती. घरं कमी झाली तरी चालतील पण दर्जा उतरायला नको, असा त्यांचा हट्ट. वर न्हाणीघर आणि खाली आणखी एक संडास हवाच. या घरांना बहुधा मागे किंवा बाजूला कोळसा, सायकली आणि धुण्यासाठी छोटी कोठारं असत, आणि जोडघरांतल्या बायकांच्या गप्पा तिथेच व्हायच्या. १९५१ नंतर गृहनिर्माण हॅरोल्ड मॅकमिलन यांच्याकडे आलं, वर्षाला तीन लाख घरांचं लक्ष्य आलं आणि घरं आखडली. पहिली कात्री जाण्यायेण्याच्या जागेला आणि त्या दुसऱ्या संडासाला लागली. एकाच गल्लीत अर्धी घरं आधीची, अर्धी नंतरची असू शकतात. “त्यांचं घर आमच्यापेक्षा मोठं होतं” हे मुलाचं वाक्य हेव्यापोटी आलंय असं समजून सोडून देऊ नये, ते मोजून बघावं.

विटांचा आणि कुशल कामगारांचा तुटवडा होता म्हणून काँक्रीटची आणि पोलादाची घरंही उभी राहिली. एअरी घरांना बाहेरून काँक्रीटच्या आडव्या फळ्या, बीआयएसएफ म्हणजे ब्रिटिश लोखंड-पोलाद महासंघाच्या घरांच्या वरच्या मजल्याला पोलादी पत्रा, आणि विम्पी कंपनीची ‘नो-फाइन्स’ म्हणजे वाळूविना ओतलेल्या काँक्रीटची घरं. अशा घरात वाढलेल्याला भिंतींबद्दल जरूर विचारावं. थंडीत त्या घाम कशा गाळायच्या, चित्र टांगायला खिळा ठोकताना काय व्हायचं, पलीकडचा रेडिओ किती ऐकू यायचा. शेजाऱ्याची ओळख कितीतरी वेळा भिंतीतूनच झालेली असते: खोकला, पियानो, रात्रपाळीहून आल्यावरचे बूट.

कुंपणाची उंची मात्र आमचं सगळ्यात आवडतं मोजमाप आहे. नव्या वसाहतीत सुरुवातीला काँक्रीटच्या खांबांना दोन-तीन तारा किंवा लाकडी पट्ट्यांचं कुंपण. प्रिव्हेटची, म्हणजे कुंपणाच्या झुडपाची, रोपं नंतर लावलेली, आणि प्रिव्हेट वर्षाला साधारण एक फूट वाढतं. म्हणजे “आई तारेवरून बोलायची” ही आठवण पहिल्या दोन-तीन वर्षांतली, “आई कुंपणावरून बोलायची, मला पलीकडचं दिसायचं नाही” ही पाच-सहा वर्षांनंतरची. मूल स्वतःही वाढत असतं, हा हिशेब मात्र विसरू नये. भाडेकराराच्या अटींत कुंपण कापलेलं ठेवण्याचं कलम सहसा असे आणि कौन्सिलचा माणूस ते बघायला येई. त्यामुळे कुणाचं प्रिव्हेट वाढलेलं होतं हा साधा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरात आजारी माणूस येतो, एकटी बाई येते, बारा-बारा तास कामावर असलेला बाप येतो.

जागा झाली की आठवडा. एका कागदावर सात रकाने आखायचे आणि विचारायचं, “सोमवारी सकाळी गल्लीत वास कसला यायचा?” साबणाचा, वाफेचा. सोमवार धुण्याचा. पहाटे कॉपर पेटवायचा. कॉपर म्हणजे कपडे उकळायचा मोठा बॉयलर. पांढरे कपडे आधी, मग रंगीत, शेवटी नवऱ्याचे कामावरचे. उकळून झालं की खळबळायचं, मग निळीच्या पुरचुंडीचं पाणी, मग खळ, मग मँगलच्या दोन रुळांमधून पिळायचं. मँगलचं हँडल फिरवायला मुलांना लावत आणि बोटं चिरडायचा धोका तिथेच. नीळ रेकिटची, हल शहरातली. तिथे ‘रॉबिन’ म्हणजे रेकिटचीच खळ. आपल्याकडे त्याच नावाने नीळ विकली गेली. हे सांगितलं की इंग्रज आज्या हटकून हसतात आणि पुढचा अर्धा तास सुरळीत जातो.

सोमवारचे अलिखित नियम एकेक करून विचारावेत. धुणं बाहेर असताना बागेत पालापाचोळा जाळायचा नाही. पाऊस आला आणि शेजारीण घरात नसली तर तिचेही कपडे काढायचे. रविवारी दोरीवर काही दिसता कामा नये. कुणी तो नियम मोडायचं, आणि मोडलं की कोण काय म्हणायचं? शेजारातली खरी रचना या उत्तरांत असते. सोमवारचं जेवण म्हणजे रविवारच्या भाजलेल्या मांसाचे गार तुकडे आणि उरलेल्या बटाटा-कोबीचं परतणं, कारण धुण्याच्या दिवशी चुलीपाशी उभं राहायला वेळ नाही. आई कामावर जात असेल तर धुणं शनिवारी. गल्लीत शनिवारी कुणाचं धुणं असायचं, एवढं विचारलं की नोकरी करणाऱ्या बायकांची यादी आपोआप तयार होते.

नंतर दारावर येणारी माणसं. भाडं वसूल करणारा चामडी पिशवी घेऊन ठरलेल्या वारी येई आणि भाड्याच्या पुस्तकात सही करी. विम्याचा माणूस, हप्त्याने कपडे विकणारा टॅलीमन आणि फुटबॉल पूल्सची, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरच्या पैजेची, कुपनं गोळा करणारा बहुधा शुक्रवारी, कारण पगार शुक्रवारी. “सोफ्यामागे लपून बसायचो” ही आठवण इतके जण सांगतात की पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ती घेऊ नये: लपायचं कुणापासून? भाडेवाल्यापासून की टॅलीमनपासून? भाडं थकलं तर घर जाई, टॅलीमन थकला तर फक्त आरडाओरडा. कुणापासून लपायचे यावरून घराची तंगी कळते. काही कुटुंबं थकबाकीपायी रातोरात सामान हातगाडीवर टाकून निघून जात. मुलांना ते सकाळी कळे, पडदे नसलेल्या खिडकीवरून.

भंगारवाला घोडागाडीतून यायचा आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात मुलांना फुगा किंवा सोनेरी मासा देऊन जायचा. आपल्या बोहारणीचा कारभार तोच, फक्त ती आईशी घासाघीस करते आणि हा आईची पाठ वळल्यावर मुलांशी करायचा. त्यामुळे “वडिलांचा चांगला कोट मी माशावर घालवला” ही कबुली बऱ्याच ठिकाणी मिळते.

कोळसेवाल्याकडे विशेष लक्ष द्यावं. पोतं एक हंड्रेडवेटचं, म्हणजे ११२ पौंड, जवळपास ५१ किलो. पाठीवरून बोळातून मागच्या कोठीपर्यंत न्यायचं, आणि मुलाचं काम दारात उभं राहून पोती मोजणं. कोळशावरचं नियंत्रण १९५८ पर्यंत चाललं, म्हणून एखादं पोतं कमी पडणं ही चेष्टा नव्हती. आमच्या अनुभवात पोती मोजायला बसवलेलं मूल गल्लीचं उत्तम साक्षीदार असतं. त्याला कुणाकडे किती पोती पडायची हे ठाऊक असतं, म्हणजे कुणाकडे वरच्या मजल्यावरही शेगडी पेटायची आणि कुणाकडे स्वयंपाकघराखेरीज सगळं घर गार, हेही ठाऊक असतं.

दुधाचंही तसंच. चंदेरी टोपणाची बाटली साधी, सोनेरी टोपणाची जर्सी गाईच्या साईदार दुधाची, आणि मिडलंड्समध्ये लांब मानेच्या बाटलीतलं उकळून टिकवलेलं ‘स्टेरा’. पायरीवर कुठली बाटली, हे साठ-सत्तर वर्षांनीही घरागणिक सांगणारी माणसं आहेत. चंदेरी टोपण फोडून साय खाणारे ब्लू टिट पक्षी तर सगळ्यांनाच आठवतात.

वीज आणि गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकावं लागे. “एक शिलिंग आहे का?” म्हणून मूल शेजारी धावे. मीटर रिकामा करायला माणूस आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाण्यांच्या चळती लागत आणि हिशेबापेक्षा जास्त जमलेले पैसे तो आईला परत देई, कारण मीटरचा दर मुद्दाम थोडा चढा लावलेला असे. तो दिवस मुलांना सणासारखा. “दाराला कुलूप नव्हतं” या वाक्याची तपासणी इथेच होते: मीटर कधी कुणी फोडला होता का? पत्रपेटीच्या फटीतून आत लोंबणाऱ्या दोरीला किल्ली बांधलेली असे, म्हणजे कुलूप होतं, किल्लीही होती, फक्त ती कुठे असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोंद करताना “कुलूप नव्हतं” असं न लिहिता “किल्ली दोरीला” असं लिहायचं.

आणखी एक किल्ली म्हणजे को-ऑपचा नंबर. सहकारी दुकानात सामान घेताना सभासद क्रमांक सांगायचा, त्यावर लाभांश, म्हणजे ‘डिव्ही’ मिळायचा. दुकानात मुलांना पाठवत असल्याने आईचा तो नंबर त्यांच्या तोंडात बसलेला. स्वतःचा मोबाइल नंबर न आठवणारी माणसं हा आकडा धाडकन सांगतात. मुलाखत अडली की आम्ही हाच प्रश्न काढतो. पाठोपाठ दुकानाची रांग येते, रांगेतल्या बायका येतात.

आता नावं. मुलाला शेजारणीचं पहिलं नाव माहीत नसायचं. ती मिसेस अमुक किंवा आंटी तमुक. ही आंटी नात्यातली की शेजारची, असा गोंधळ इंग्रज मुलाखतकारांचाही होतो. काका-काकू म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला त्यात नवल नाही, तरी प्रत्येक आंटीपाशी “रक्ताची?” असं विचारून खूण करून ठेवावी. शिवाय हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं. पेगी म्हणजे मार्गारेट, पॉली म्हणजे मेरी, जॅक म्हणजे जॉन, हॅरी म्हणजे हेन्री. आपल्याकडच्या बेबी, ताई आणि अण्णांसारखंच.

पडताळणी मतदारयादीवरून करायची, कारण १९५१ च्या जनगणनेचे कागद १०० वर्षं बंद आहेत. यादी घरनंबराप्रमाणे असते, पण तिच्या तीन खाचा लक्षात ठेवाव्यात. मताधिकार १९६९ च्या कायद्यापर्यंत २१ वर्षांचा होता, म्हणून अठरा-वीस वर्षांची थोरली भावंडं तिथे दिसत नाहीत. मुलं तर नाहीतच. आणि फेब्रुवारीत लागू होणारी यादी आदल्या १० ऑक्टोबरच्या मुक्कामावर बेतलेली असे. म्हणजे १९५४ च्या नोव्हेंबरात राहायला आलेलं कुटुंब थेट १९५६ च्या यादीत उगवतं. “आम्ही चोपन्नला आलो” म्हणणाऱ्याला यादीवरून खोटं पाडू नये.

रेकॉर्डर सुरू करायची वेळ येते ती नकाशा आणि सात रकाने भरल्यावर. बैठकीच्या खोलीत गालिचा आणि पडदे असतात, म्हणून ती स्वयंपाकघरापेक्षा बरी. फ्रिजचा घरघराट, भिंतीवरचं घड्याळ, पिंजऱ्यातला बजरिगार, तिघांचाही बंदोबस्त करायचा. घड्याळ सरळ दुसऱ्या खोलीत. माइक तोंडापासून वीत-दीड वीत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही; एका तासाला मोनोत सुमारे अर्धा जीबी, स्टिरिओत एक जीबी. पातळी अशी ठेवायची की बोलताना सुई उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचेल, कारण मोठ्याने हसताना आवाज फाटतो, आणि शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगताना माणसं हसतातच. त्याच संध्याकाळी दोन प्रती, एक दुसऱ्याच्या घरी. बोट नकाशावर ठेवून “हे इथे” म्हणणारी माणसं असतात. रेकॉर्डरला बोट दिसत नाही. म्हणून प्रत्येक “इथे”पाशी आपण मोठ्याने घरनंबर म्हणायचा. सुरुवातीच्या मुलाखतींत हे न केल्यामुळे आमच्याकडे “ती इथे राहायची आणि तो तिथे” अशी कितीतरी निरुपयोगी मिनिटं पडून आहेत.

दीड तासाच्या पुढे बसवू नये. आठवड्याने दुसरी बैठक ठेवावी. मधल्या दिवसांत माणूस बहिणीला फोन करतो आणि दुसऱ्या बैठकीत निम्मी नावं सुधारतात. भावंडांना आधी वेगवेगळं बसवावं, मग एकत्र. आधीच एकत्र बसवलं तर थोरली बहीण बोलते आणि धाकटा मान डोलावतो. लिहून काढायला तासाभराच्या बोलण्याला सहा ते आठ तास लागतात. यंत्राने लिहून घेतलं तरी बोलीभाषेपायी तेवढाच वेळ दुरुस्तीत जातो. ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं. मराठीत आणताना “शेजारी चहाला बोलवायचे” असं लिहून मोकळं झालो तर एका भुकेल्या मुलाचं पोटभर जेवण आपण कपभर चहावर आणतो. पैशांचंही रूपांतर करू नये. हाफ क्राउन, म्हणजे अडीच शिलिंगांचं नाणं, तसाच ठेवावा. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली, त्याआधी पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स.

आता साल. सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा. २ जून १९५३ ला गल्लीत कुणाच्या घरी टीव्ही पाहिला, याची एकाच गल्लीतून तीन-चार उत्तरं येतात आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो. टीव्ही एकच होता असं गृहीत धरणं ही इथली चूक. अमुक एक घर, ओढलेले पडदे, जमिनीवर बसलेली मुलं, हे चित्र नंतरच्या फुटबॉल सामन्याचंही असू शकतं. मिडलंड्सला १७ डिसेंबर १९४९ ला सटन कोल्डफील्डचं प्रक्षेपण केंद्र सुरू होईपर्यंत टीव्ही जवळजवळ दिसतच नव्हता. उत्तरेला होम मॉसचं केंद्र ऑक्टोबर १९५१ चं. जाहिराती पाहिल्याचं आठवत असेल तर काळ आणखी पुढचा, कारण व्यापारी वाहिनी लंडनला सप्टेंबर १९५५ मध्ये आली आणि मिडलंड्स व उत्तरेला १९५६ मध्ये. धुराड्यावरच्या एच आकाराच्या अँटेना जुन्या फोटोत मोजता येतात. फोटो छोटा असेल, सहा बाय नऊ सेंटिमीटरचा वगैरे, तर १२०० डीपीआयवर स्कॅन करावा, आणि मागची बाजूही. माणसांपेक्षा त्यांच्या मागचं कुंपण, पडदे आणि दारं बघावीत. सगळी दारं एकाच रंगाची म्हणजे कौन्सिलने रंगवलेली. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घर विकत घ्यायचा हक्क दिला, आणि त्यानंतर दारं जी रंगीबेरंगी झाली ती झालीच.

दुसरा घोळ बर्फाचा. १९४७ चा हिवाळा आणि १९६२-६३ चा, दोन्ही भयंकर. १९४७ ला जानेवारीअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत, सोबत कोळशाची टंचाई आणि वीजकपात; १९६२ ला नाताळाच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. माणूस दोन्ही एकात एक मिसळतो. सोपी तपासणी: गल्ली मुळात बांधली कधी? १९४९ ला पाया घातलेल्या घराच्या खिडकीतून १९४७ चं बर्फ दिसत नाही. तिसरा घोळ रेशनचा. गोड गोळ्या एप्रिल १९४९ ला खुल्या झाल्या, मागणी झेपेना म्हणून ऑगस्टात पुन्हा रेशनवर गेल्या आणि ५ फेब्रुवारी १९५३ ला कायमच्या सुटल्या. साखर त्याच वर्षी सप्टेंबरात, मांस ४ जुलै १९५४ ला. म्हणून साखरेच्या त्या कपाशी थांबायचं. रेशन असताना माणशी आठवड्याला साधारण ८ औंस साखर मिळायची, म्हणजे जवळपास एक कपच. १९५३ पूर्वी कुणी शेजारणीला कपभर साखर दिली असेल तर तिने एका माणसाचा आठवडा दिला.

या गल्ल्यांत मुलंच मुलं का, असं लोक कौतुकाने विचारतात. कारण घरांच्या वाटपात आहे. घरासाठीच्या प्रतीक्षायादीत मुलंबाळं असलेल्या तरुण जोडप्यांना गुण जास्त, म्हणून एकाच वर्षी सारख्या वयाची कुटुंबं आली आणि आजी-आजोबा जुन्या वस्तीतच राहिले. कौन्सिलची बाई आधीच्या घरी येऊन बिछाने, भांडीकुंडी बघून जाई आणि घर किती नीटनेटकं त्यावर नवं घर कुठल्या रस्त्यावर ते ठरे. त्यामुळे “आमची गल्ली चांगली होती, पलीकडची नव्हती” या वाक्यामागे सरकारी शेरा असू शकतो. आणि गल्लीत कोण नव्हतं हेही विचारायला हवं. त्या भागात काही वर्षं राहिल्याची अट असे, त्यामुळे १९५० च्या दशकात कॅरिबियन बेटांतून किंवा भारत-पाकिस्तानातून आलेली कुटुंबं या रस्त्यांवर क्वचितच. ती भाड्याच्या खोल्यांत किंवा जुन्या रांगघरांत. हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की उत्तर एकदम गोड होतं. तेवढ्यापुरता प्रश्न दुसऱ्या कुणी विचारावा, हे आम्ही ठेचा खाऊन शिकलो.

संमतिपत्रात दोन वेगळ्या सह्या: एक ध्वनिमुद्रणाला, एक वापराला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याप्रमाणे बोललेल्या शब्दांचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याचा. माहिती-संरक्षणाचा कायदा जिवंत माणसांपुरता, पण अवघड जागा तिथेच आहे, कारण आई-वडील गेले तरी शेजारची ती मुलं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. बहीण म्हणून वाढवलेली मुलगी प्रत्यक्षात थोरल्या बहिणीची होती, अमुक काकूंना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, तमुक काका तुरुंगात होते आणि मुलांना “समुद्रावर गेलेत” असं सांगितलेलं. हे भाग कापायचे नाहीत, वेळेची खूण करून बंद ठेवायचे, आणि लेखी प्रतीत घरनंबराऐवजी अक्षर घालायचं. नकाशाची प्रत मात्र अक्षरांची वेगळी ठेवायची, नाहीतर दोन कागद शेजारी ठेवून कुणीही कोडं सोडवतं.

सगळं झाल्यावर नकाशावर दोन-तीन घरं कोरी उरतात. मतदारयादीत तिथे नावं असतात, पण कुणालाच काही आठवत नाही. बहुतेक ती मूल नसलेल्या जोडप्यांची किंवा एकट्या माणसांची घरं; मुलांना तिथे जायचं कारणच नव्हतं. “तिथे कोण राहायचं?” असं तिसऱ्यांदा विचारून उपयोग नसतो. विचारायचं, “चेंडू त्या बागेत गेला तर आणायला कोण जायचं?” मग कळतं की तिथला चेंडू कुणी आणायला जात नसे, आणि दर शनिवारी सकाळी भिंतीवर आठवडाभराचे चेंडू ओळीने ठेवलेले असत. नोंदवहीत त्या घरापुढे एवढं लिहायचं आणि शनिवारच्या रकान्यात खूण करायची.